कोळशाच्या जहाजाने घडविलेला दर्यावर्दी

अमेरिकेच्या रोड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट बंदराच्या तळाशी रुतलेला आणि ‘आरआय २३९४’ या रूक्ष क्रमांकाने ओळखला जाणारा लाकडी सांगाडा कॅप्टन जेम्स कुकच्या ‘एन्डेव्हर’ जहाजाचाच होय, असा निर्वाळा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने जून २०२५ मधील आपल्या अहवालात दिला, तेव्हापासून त्या जहाजाच्या पृथ्वीप्रदक्षिणेची, त्याच्या नामांतराची आणि १७७८ साली इंग्रजांनी युद्धप्रसंगी बंदर अडविण्यासाठी ते स्वहस्ते बुडविल्याची हकीकत इतक्या वेळा छापून आली आहे, की तिची येथे पुनरुक्ती करण्याचे प्रयोजन नाही. रोड आयलंडच्या सागरी पुरातत्त्व प्रकल्पाने २०२२ सालीच अशा निष्कर्षाला घाईचा ठरवून आक्षेप घेतला होता, हेही वाचकांच्या स्मरणात असेल. मला या सर्व प्रकरणात जी गोष्ट विशेष मननीय वाटते ती निराळीच आहे. या सांगाड्यात जहाजाचे नाव कोरलेली घंटा सापडली नाही, मुद्रांकित भांडे सापडले नाही; जहाजाचा जेमतेम १५ टक्के भाग शिल्लक असताना अभ्यासकांनी जो निर्णय केला तो ओक लाकडाच्या तुळयांची जाडी, पाण्याच्या पंपांची जागा आणि तळकण्याला नाळेचे लाकूड ज्या खाचेने जोडले आहे तिची घडण, या गोष्टी १७६८ च्या नकाशांशी ताडून पाहून केला. म्हणजे एका जगद्विख्यात जहाजाची ओळख अखेर सुतारकामावरून पटली. आणि ते सुतारकाम इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील व्हिटबी नावाच्या लहानशा बंदरात, थॉमस फिशबर्न याच्या कारखान्यात, १७६४ साली कोळसा वाहण्यासाठी म्हणून झालेले होते.

कुकच्या जन्माला २०२८ च्या ऑक्टोबरात ३०० वर्षे पूर्ण होतील. ती तिथी जवळ येईल तसतशी त्याच्या जन्मभूमीकडे जाणाऱ्यांची संख्या वाढेल, आणि लंडन व एडिंबरो पाहून परतणाऱ्या आपल्याकडील प्रवाशांपैकीही काही जण मधल्या या उपेक्षित मुलुखात उतरतील, अशी आशा करण्यास जागा आहे. त्यांच्यासाठी हा लेख आहे. मात्र त्यात एक मत मी प्रारंभीच मांडून ठेवतो. थोर पुरुषाचे जन्मस्थान हे त्याच्या चरित्राचे मूळपीठ होय, अशी जी आपली दृढ समजूत आहे, ती या यात्रेत टिकत नाही. कुक ज्या घरांत वाढला त्यांपैकी जवळजवळ एकही आज जागेवर नाही. पण ज्या धंद्याने त्याला घडविले त्या धंद्याच्या खुणा मात्र त्या किनाऱ्यावर पावलोपावली उभ्या आहेत.

यॉर्क किंवा डार्लिंग्टन येथे गाडी बदलून मिडल्सबरोला पोहोचावे, आणि तेथून एस्क नदीच्या खोऱ्यातून व्हिटबीकडे जाणाऱ्या आगगाडीच्या छोट्या फाट्यावर बसावे. हा फाटा म्हणजे कुकच्या बालपणाचा व उमेदवारीचा क्रमवार पटच होय. कारण मार्टन हे जन्माचे गाव, ग्रेट एटन हे शाळेचे गाव आणि व्हिटबी हे शिक्षणाचे बंदर, ही तिन्ही स्थानके याच क्रमाने या एकाच मार्गावर येतात.

मार्टन आता मिडल्सबरो शहरात विलीन झाले आहे. २७ ऑक्टोबर १७२८ रोजी येथे एका मातीच्या झोपडीवजा घरात कुक जन्मला आणि ३ नोव्हेंबरला सेंट कथबर्टच्या देवळात त्याचा बाप्तिस्मा झाला, एवढा दाखला देवळाच्या दप्तरात आहे. बाप स्कॉटलंडातून पोटासाठी आलेला शेतमजूर, आई जवळच्याच थॉर्नबी गावची, आणि जेम्स हा आठ अपत्यांपैकी दुसरा. ते घर केव्हाच नाहीसे झाले. जर्मनीहून येऊन या भागात लोखंडाच्या धंद्यावर गडगंज झालेल्या आणि मिडल्सबरोचा पहिला महापौर झालेल्या हेन्री बोल्को या गृहस्थाने १८५८ साली त्या जागेवर ग्रॅनाइटचा एक कलश उभारला. बोल्कोचा स्वतःचा प्रासादही १९६० साली आगीच्या भक्ष्यस्थानी पडून पुढे जमीनदोस्त झाला, आणि आज स्ट्युअर्ट पार्क नावाच्या विस्तीर्ण उद्यानात तो कलश आणि १९७८ साली उघडलेले जन्मस्थान-संग्रहालय एवढेच काय ते प्रवाशासाठी आहे. मुलांना बरोबर घेऊन जाणाऱ्याने संग्रहालय अवश्य पाहावे. परंतु जन्मस्थानाने कुकविषयी काही सांगावे अशी अपेक्षा घेऊन जाणाऱ्याला त्या कलशापुढे फार वेळ उभे राहण्याचे कारण नाही.

ग्रेट एटनची गोष्ट वेगळी आहे. १७३६ साली बापाला एअरीहोम नावाच्या शेतवाडीवर मुकादमाची जागा मिळाली, कुटुंब तेथे राहावयास गेले, आणि त्या वाडीचा मालक टॉमस स्कॉटो या जमीनदाराने मजुराच्या या चुणचुणीत मुलाची शाळेची फी स्वतः भरण्याची तजवीज केली. मायकेल पोस्टगेट याने १७०४ साली गावातील गरिबांच्या मुलांसाठी काढलेली ती शाळा आज संग्रहालय झाली आहे. इमारत कुकच्या नंतर पुन्हा बांधलेली असली, तरी जागा तीच. लेखन, वाचन आणि हिशेब यांपलीकडे तेथे काही शिकविले जात नसावे. तथापि पुढे ज्याने न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याचे आणि न्यूझीलंडच्या दोन्ही बेटांचे नकाशे असे काढले की खलाशांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरावेत, त्याच्या गणिताचा ओनामा एका जमीनदाराने भरलेल्या चार पैशांच्या फीतून झाला, ही गोष्ट शिक्षणावरील खर्चाला अनुत्पादक मानणाऱ्या प्रत्येक कारभाऱ्याने ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

याच गावात कुकच्या बापाने १७५५ साली स्वतःचे घर बांधले आणि दाराच्या माथ्यावर आपली व पत्नी ग्रेस हिची आद्याक्षरे कोरून घेतली. हे घर पाहावयाचे तर मात्र मेलबर्नला गेले पाहिजे. १९३३ साली ते विक्रीस निघाले. मालकिणीची अट अशी, की घर इंग्लंडबाहेर जाऊ नये. तेव्हा मेलबर्नचे उद्योगपती रसेल ग्रिमवेड यांनी ८०० पौंडांची बोली केली, अटीतील ‘इंग्लंड’च्या जागी ‘साम्राज्य’ हा शब्द मान्य करून घेतला, आणि एकेका दगडाला क्रमांक देऊन २५३ पेट्या व ४० पिंपे भरून ते घर, भिंतीवरच्या वेलीच्या कलमांसह, ‘पोर्ट डनीडिन’ जहाजाने ऑस्ट्रेलियाला नेले. ऑक्टोबर १९३४ मध्ये फिट्झरॉय उद्यानात ते पुन्हा उभे राहिले, आणि आज मेलबर्नमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबे देशाहून आलेल्या आईवडिलांना ज्या स्थळी हमखास घेऊन जातात, त्यांत त्याचाही समावेश असतो. ते घर बांधले तेव्हा कुक २६ वर्षांचा होऊन आरमारात दाखल झाला होता. त्यात तो फार तर पाहुणा म्हणून उतरला असेल. शिवाय ज्या व्हिक्टोरिया प्रांताच्या शतकोत्सवासाठी ते नेले, त्या प्रांताच्या भूमीवर त्याने कधीही पाऊल ठेवले नाही. १७७० च्या एप्रिलात त्याच्या लेफ्टनंट हिक्सला तेथील किनाऱ्याचे टोक प्रथम दिसले, एवढाच काय तो संबंध. त्या टोकावरचा ग्रॅनाइट आणून एटनमध्ये घराच्या रिकाम्या जागी स्तंभ उभारला आहे. दोन देशांनी एका दगडी घराच्या आणि एका दगडी स्तंभाच्या केलेल्या या अदलाबदलीत कुकचे चरित्र कोठेच हाती लागत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

हाती काही लागतेच तर ते ऑल सेंट्सच्या जुन्या देवळाच्या आवारात. येथे कुकची आई आणि त्याची भावंडे विसावली आहेत. बापाची कबर मात्र येथे नाही. म्हातारपणी तो रेडकार येथे कोळ्याच्या घरी दिलेल्या मार्गारेट या लेकीकडे जाऊन राहिला, आणि १ एप्रिल १७७९ रोजी वारल्यावर जवळच्या मार्स्क गावच्या देवळात त्याला पुरले. त्याआधी दीड महिना, १४ फेब्रुवारीला, हवाई बेटांतील केआलाकेकुआच्या उपसागरात त्याचा मुलगा मारला गेला होता. परंतु ती वार्ता लंडनला पोहोचण्यास १७८० चा जानेवारी उजाडला, आणि आपला पुत्र जिवंत आहे याच समजुतीत त्या वृद्धाने डोळे मिटले.

एटनच्या मागे दोन टेकड्या आहेत. रोझबरी टॉपिंग ही एक, १९१२ साली कडा कोसळल्यामुळे एका बाजूने तुटलेली. आणि ईझबीच्या माळावरची दुसरी, जिच्या माथ्यावर व्हिटबीच्या रॉबर्ट कॅम्पियन या सावकाराने १८२७ साली कुकच्या स्मरणार्थ दगडी मनोरा उभारला. चालण्याची सवय असलेल्याने या दोन्ही टेकड्या एका दिवसात कराव्यात. कुकने लहानपणी येथूनच प्रथम समुद्र पाहिला असे स्थानिक लोक सांगतात, आणि निरभ्र दिवशी समुद्र दिसतो हे तर खरेच आहे.

समुद्राशी त्याचा खरा सहवास सुरू झाला तो स्टेथ्झ या मच्छीमारांच्या गावी. १७४५ साली विल्यम सँडरसन नावाच्या किराणा व कापडाच्या व्यापाऱ्याकडे तो नोकरीस राहिला आणि सुमारे १८ महिने तेथे टिकला. ते दुकान पुढे समुद्रानेच गिळले. या नोकरीविषयीची जी कथा सर्वतोमुखी आहे ती अशी, की एका गिऱ्हाइकाने दिलेले साउथ सी कंपनीचे चकचकीत शिलिंग त्या मुलाच्या मनात इतके भरले, की त्याने ते गल्ल्यातून घेतले आणि आपल्या पदरचे दुसरे त्या जागी ठेवले. मालकाला संशय आला, खुलासा झाला, आणि मुलाचे मन दुकानात रमत नाही हे ओळखून सँडरसनने त्याला व्हिटबीच्या जॉन वॉकर या जहाजमालकाकडे नेऊन पोहोचविले.

ही कथा आज आपल्याला सांगता येते, याचे श्रेय एका माणसाला आहे आणि त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. जॉर्ज यंग हा स्कॉटलंडात जन्मलेला प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी व्हिटबीत आला, तेथेच राहिला आणि तेथेच १८४८ साली वारला. त्याने १८१७ साली व्हिटबीचा इतिहास लिहिला, १८२३ साली गावकऱ्यांना हाताशी धरून साहित्य व तत्त्वज्ञान मंडळ स्थापिले, ज्याचे वस्तुसंग्रहालय आजही पॅनेट पार्कमध्ये पाहावयास मिळते, आणि १८३६ साली कुकचे चरित्र प्रसिद्ध केले. कुकच्या प्रवासांवर त्यापूर्वी पुष्कळ लिहून झाले होते. परंतु लंडनच्या लेखकांनी ज्या वर्षांची दोन वाक्यांत वासलात लावली, त्या पहिल्या २७ वर्षांसाठी यंगने गावोगावची माणसे शोधली, सँडरसनच्या आणि वॉकरच्या आप्तांना बोलते केले, वृद्धांच्या आठवणी ताडून पाहिल्या आणि अफवा म्हणून जे टाकून द्यावयाचे ते टाकून दिले. पुढे न्यूझीलंडच्या जे. सी. बीगलहोल यांनी कुकच्या रोजनिशा संपादून जे अजोड काम केले, त्याला कागदांचा आधार होता; यंगच्या हाती होती ती केवळ माणसे, आणि तीही झपाट्याने मरत चाललेली. मौखिक परंपरा ही इतिहासाची साधनसामग्री होय, हे मानण्याची पद्धत रूढ होण्याच्या कितीतरी आधी एका लहान गावातील उपदेशकाने ते करून दाखविले. गावाला इतिहास असतो तो पराक्रमी पुरुष तेथे जन्मल्यामुळे नव्हे, तर तो लिहून ठेवणारा कोणी तेथे राहिल्यामुळे, हे यंगचे पुस्तक सिद्ध करते.

आता व्हिटबी. कड्यावरचा मठाचा भग्नावशेष, देवळाकडे चढणाऱ्या १९९ पायऱ्या आणि ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतील ड्रॅक्युला यांच्यासाठी येथे गर्दी लोटते. प्रवाशाने मात्र प्रथम बंदरावर जाऊन ओहोटीची वाट पाहावी आणि उघडा पडणारा गाळ नीट न्याहाळावा, कारण कुकच्या यशाचे मर्म त्या गाळात आहे. या किनाऱ्याच्या कड्यांत तुरटीचा दगड सापडे. रंगाऱ्यांना आणि चर्मकारांना अत्यावश्यक असलेली ही तुरटी काढण्यासाठी सतराव्या शतकाच्या आरंभापासून येथे भट्ट्या पेटल्या. तिचे पाणी आटविण्यास कोळसा हवा, कोळसा टाइन नदीच्या मुखातून समुद्रमार्गे आणावयाचा, म्हणून व्हिटबीत जहाजे बांधली जाऊ लागली. आणि लंडन शहराची चूल याच कोळशावर पेटू लागल्यावर तो धंदा अफाट वाढला. या कोळसावाहू जहाजांची नाळ बोथट, पोट प्रचंड आणि तळ सपाट असे, कारण धक्का नसलेल्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ती सरळ वाळूत बसवून माल उतरवावा लागे. सौंदर्य त्यांत नव्हते, वेगही नव्हता. होते ते बळ, भरपूर जागा आणि जमिनीला टेकूनही न कलंडण्याचा गुण.

१७४६ साली कुकने जॉन वॉकर या क्वेकर पंथीय जहाजमालकाशी तीन वर्षांच्या उमेदवारीचा करारनामा केला आणि ‘फ्रीलव्ह’ नावाच्या कोळशाच्या जहाजावर तो खलाशी झाला. टाइन ते टेम्स हा पूर्व किनारा वाळूच्या सरकत्या दांड्यांनी, धुक्याने आणि हिवाळी वादळांनी कुप्रसिद्ध. दिवे थोडे, नकाशे अविश्वसनीय, म्हणून नाखव्याची भिस्त शिशाच्या गोळ्याने पाण्याची खोली मापणाऱ्या दोरीवर. जो माणूस या विद्यालयात नऊ वर्षे काढतो, त्याला पुढे अज्ञात किनारा म्हणजे काही सर्वथा नवी वस्तू वाटत नाही. १७५५ साली वॉकरने त्याला ‘फ्रेंडशिप’ जहाजाचे कप्तानपद देऊ केले, आणि ते नाकारून त्याने आरमारात साध्या खलाशाची जागा पत्करली.

त्या सपाट तळाची परीक्षा ११ जून १७७० च्या रात्री झाली. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या प्रवाळी भिंतीवर ‘एन्डेव्हर’ आदळले, जवळजवळ एक दिवस अडकून राहिले, सहा तोफांसकट जड सामान समुद्रात फेकावे लागले. आणि अखेर मोकळे झालेले ते जहाज एका नदीच्या मुखात नेऊन, व्हिटबीची जहाजे कोळसा उतरविण्यासाठी बसतात तसेच, किनाऱ्याला बसवून कुकने त्याचा फुटका तळ दुरुस्त केला. खोल तळाच्या डौलदार लढाऊ जहाजाचे तेथे काय झाले असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पुढच्या दोन सफरींवर गेलेली ‘रेझोल्यूशन’, ‘ॲडव्हेंचर’ आणि ‘डिस्कव्हरी’ ही जहाजेही व्हिटबीतच बांधलेली होती, यात योगायोगाचा भाग फारच थोडा आहे.

ग्रेप लेनवर वॉकर घराण्याचे जे घर आहे, त्याच्या माळ्यावर उमेदवार मुले निजत असत अशी परंपरा आहे, आणि तेथेच आता कुक स्मारक संग्रहालय आहे. संपूर्ण यात्रेत एकच वास्तू पाहावयाची असेल तर ही पाहावी. साध्या भिंती, नदीकडे उघडणारे अंगण, नकाशे आणि कुकची पत्रे. पहिल्या सफरीहून परतल्यावर १७७१-७२ च्या हिवाळ्यात तो आपल्या जुन्या धन्याला भेटावयास आला, तेव्हा मेरी प्राउड या घर सांभाळणाऱ्या वृद्ध बाईला घरच्यांनी बजावले होते, की आता तो सरकारी आरमाराचा अंमलदार आहे, अदबीने वाग; पण तो दारात दिसताच ती सर्व काही विसरली आणि पोटच्या मुलाला घ्यावे तसे तिने त्याला मिठीत घेतले. हीही आठवण यंगनेच जपून ठेवली आहे.

या वंदनीय चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे हे लेखकाच्या धर्माला सोडून होईल. १७७० च्या एप्रिलात बॉटनी उपसागरात उतरताना कुकच्या माणसांनी तेथील ग्वीगल लोकांवर गोळ्या झाडल्या आणि त्यांचे भाले उचलून आणले. त्यांपैकी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजाकडे राहिलेले चार भाले २०२४ साली त्यांच्या वंशजांना परत मिळाले. त्याच वर्षी जानेवारीत मेलबर्नच्या सेंट किल्डा भागातील कुकचा पुतळा घोट्यापासून कापून पाडण्यात आला. पुतळे पाडल्याने इतिहासाचे ज्ञान वाढते असे मी मानीत नाही. परंतु ज्या लोकांची भूमी त्याच्या नकाशामुळे परक्यांच्या हाती गेली, त्यांनी त्याच्या त्रिशताब्दीत आनंदाने सामील व्हावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. ‘शोध लावला’ हे क्रियापद वगळून आणि कौशल्याचा सन्मान ठेवून हा उत्सव करता येईल, आणि तसाच तो व्हावा.

मराठी प्रवाशाने परतण्यापूर्वी मिडल्सबरोच्या उत्तरेस टीझ नदीपलीकडे हार्टलपूल येथे अवश्य जावे. तेथील गोदीत ‘ट्रिंकोमाली’ नावाची लढाऊ नौका तरंगत आहे. तरंगत्या स्थितीत राहिलेली ही सर्वांत जुनी ब्रिटिश लढाऊ नौका मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानाची बांधली गेली आणि १८१७ साली पाण्यात उतरली. १९८७ साली तिला हार्टलपूलला आणून तेथील कारागिरांनी वर्षानुवर्षे खपून तिचा जीर्णोद्धार केला. मुंबईच्या सुतारांच्या हातचे काम पाहण्यासाठी मुंबईकराला उत्तर इंग्लंडपर्यंत जावे लागते, ही आनंदाची गोष्ट आहे आणि विचार करावयास लावणारीही.

थोर पुरुषाच्या जन्मस्थळी शिळा बसविण्याचा उत्साह आपल्याकडे कमी नाही. परंतु विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीकाठी गिर्ये येथे मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे, जेथे जहाजे बांधली आणि दुरुस्त केली जात. तेथे सहल घेऊन गेलेल्या शाळा किती असतील? कोकणच्या खाड्यांतून लाकडी गलबते बांधणारे जुने सुतार अजून हयात आहेत. त्यांच्या आठवणी, त्यांची मापे आणि त्यांची हत्यारे यांची नोंद करणारा एखादा जॉर्ज यंग आपल्याला हवा आहे, आणि तो सरकारी हुकमाने येणार नाही. रत्नागिरी, मालवण, देवगड येथील शिक्षकांनी आणि ग्रंथालयांनी हे काम आपल्या अंगावर घ्यावे, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.